आपला स्क्रीनसेव्हर, दुसऱ्याच्या संगणकावर

जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं, की आतला फॉस्फरचा थर कमीजास्त झिजे आणि त्या चित्राचा पुसट ठसा पडद्यावर कायमचा उमटे. ते टाळायला स्क्रीनसेव्हर आला. आजच्या एलसीडीला त्याची फारशी गरज नाही. हौस मात्र टिकून आहे.

विंडोजमध्ये स्क्रीनसेव्हर म्हणजे ‘एससीआर’ हे आडनाव लावलेला साधा प्रोग्रॅमच. विंडोज त्याला तीन कामांसाठी हाक मारतं: पूर्ण पडदा व्यापायला, सेटिंगच्या चौकटीत छोटी झलक दाखवायला आणि वापरणाऱ्याला पर्याय विचारायला. या हाकांना ओ देणारा आणि माउस हलताच मुकाट बंद होणारा प्रोग्रॅम लिहिला, की झालं. (घरचे फोटोच फिरवायचे असतील तर एवढा खटाटोप कशाला? ‘फोटोज’ पर्याय निवडून फोल्डर दाखवा.)

खरी अडचण वाटपाची. प्रोग्रॅम असल्याने ही फाइल संगणकावर काहीही करू शकते, आणि व्हायरस पसरवणाऱ्यांनी याचा भरपूर फायदा उठवला. म्हणूनच जीमेल अशी फाइल अडवतं, झिप केली तरीही. डिजिटल सही केलेला इन्स्टॉलर देणं बरं, तरी नवख्या सहीवर विंडोज इशारा देऊ शकतं. आणि चित्रं-संगीत दुसऱ्याचं असेल, तर परवानगी आधी घ्या.