आत्यांच्या गुडघ्याचं माप

वय झालं की माणसाला घरात खुर्ची मिळते म्हणतात. आमच्या आत्यांना ती मिळाली आणि त्या घरात असून बाजूला पडल्या. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं माळशिरस तालुक्यात बऱ्याच घरांत सासूला आत्याच म्हणतात.) गुडघे धरल्यावर डॉक्टरांनी खाली बसायचं बंद केलं आणि प्लॅस्टिकची खुर्ची आली. पण बायकांचं निम्मं जग असतं जमिनीवर! भाजी निवडणं, शेंगा फोडणं, पापड लाटणं, आल्यागेल्याशी गप्पा, सगळं मांडी घालून. आत्या वर आणि आम्ही खाली. सूप मांडीवर घेतलं तर अंगाकडं घसरायचं, कारण खुर्चीची बैठक मागं कललेली. उठायला जावं तर खुर्ची फरशीवरून मागं सरकायची. हळूहळू त्या म्हणायला लागल्या, "तुमचं चालू द्या, मी आपली टीव्ही बघते." जन्मभर डाळ निवडलेल्या बाईच्या हातातलं सूप एका खुर्चीनं काढून घेतलं.

ओळखीच्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "वैनी, पलंग, कपाट असंल तर सांगा. एका स्टुलासाठी मशीन घेऊन कुठं येऊ?" त्यांचंही खोटं नव्हतं. येण्याजाण्यातच त्यांची मजुरी गेली असती. दुकानात स्टुलं बघितली, पण ती सगळी एका उंचीची. आता बघा, ब्लाउज आपण मापाचा शिवून घेतो, चप्पल नंबर बघून घेतो, आणि रोज ज्यावर बसायचं ते मात्र मिळेल त्या मापाचं!

मला आठवली ती माझ्या आईची चूल. माती कालवून चूल घालणं हे पूर्वी बायकांचंच काम. वैल किती लांब, तोंड किती रुंद, बसून फुंकणारीची उंची किती, हे सगळं बघून ती घातली जायची. म्हणजे वापरणारीच्या अंगाच्या मापानं वस्तू घडवणं हे आपल्याला काही नवं नाही. फक्त मातीपर्यंत आपण, आणि लाकूड आलं की सुतार, अशी वाटणी झालेली होती. ती वाटणी कुणी केली कोण जाणे. गांधीजींच्या नयी तालीममध्ये, 1937 च्या वर्धा परिषदेनंतर जी योजना झाली त्यात, सूतकताईबरोबर सुतारकामही शिक्षणाचा भाग होतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथंही मुलंमुली वर्कशॉपमध्ये हातानं काम करत शिकतात. तर मग आपण का नाही? घरात सांगितलं तेव्हा आमचे हे एवढंच म्हणाले, "बोटं सांभाळ." आत्यांचा मुद्दा मात्र निराळाच. "सुताराचं पोट सुताराला भरू दे की." मी म्हटलं, जे काम त्यांना परवडतच नाही, ते केलं तर कुणाचं पोट मारतेय मी?

सुरुवात मापापासून केली. आत्यांना पलंगाच्या कडेला पाय जमिनीवर सपाट ठेवून बसवलं आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागापर्यंत टेप लावली. पंधरा इंच भरले. धडधाकट माणसाला एवढीच उंची पुरते. पण गुडघे दुखत असतील तर बैठक इंचभर उंच बरी, उठताना गुडघ्यावर कमी ताण येतो. त्याहून फार उंच केली तर पाय लोंबकळतात आणि मांडीला मुंग्या येतात. म्हणून सोळा इंच ठरवले. आता यातून वरच्या फळीची जाडी वजा करायची, पायाच्या बुडाला रबर लावणार असू तर त्याचीही जाडी वजा करायची, आणि उरेल ती पायाची लांबी. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही.

आत्यांना उठताना आधार लागतो तो उजव्या हाताला. म्हणून उजव्या बाजूचे दोन पाय बैठकीच्याही वर आठ इंच नेले आणि त्यांच्यावर आडवा दांडा बसवला. दांडा पायांच्या बरोबर वर हवा. तो बाहेर काढला तर त्यावर भार देताना स्टूल कलंडेल. असलं स्टूल कुठल्या दुकानात मिळणार, सांगा!

लाकूड कुठून आणायचं? श्रीपूर म्हणजे उसाचं आणि कारखान्याचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली, तिच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वाढलं. आता महाळुंग-श्रीपूर मिळून नगरपंचायत झाली आहे. कारखान्याच्या भागात भंगारवाल्यांकडं मशिनरीची लाकडी खोकी हमखास सापडतात. मऊ, हलकं, सरळ रेषेचं लाकूड, नवशिकीच्या हाताला सोपं. फक्त परदेशातून आलेल्या खोक्यावरचा शिक्का बघून घ्यायचा. त्यात गव्हाच्या ओंबीसारखं चित्र असतं आणि बाजूला इंग्रजी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली असते. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते लाकूड घरात आणू नका, आणि चुलीत तर घालूच नका. तेलाचे, केमिकलचे डाग पडलेली फळीही नको.

आपल्याकडची बाभूळ कणखर खरी, नांगर आणि गाडीची चाकं तिचीच व्हायची. पण ती पहिल्या कामाला घेऊ नये, हाताला घट्टे पडतात. आणि कुठलंही झाड नुकतं तोडलेलं असेल तर त्याची फळी वाळताना वाकते, चिरते. सागवान उत्तमच, पण शिकायला सोन्याच्या पाटल्या कोण वितळवतं?

हत्यारं फार लागत नाहीत. एक करवत, हातोडी, पटाशी, छोटा रंधा, टेप, काटकोन बघायला गुण्या, फळी घट्ट धरायला दोन क्लॅम्प, एक साधं ड्रिल. रंधा नातेवाइकांकडचा जुनाच मिळाला, धार लावून घेतली.

शिवणकाम येत असेल तर अर्धं सुतारकाम आलंच असं माझं मत आहे. कापडाला उभा-आडवा धागा असतो तशी लाकडाला रेषा असते. रेषेच्या दिशेनं रंधा मारला की लांबलचक ढलप्या निघतात, उलटा मारला की लाकूड उचकटतं. कापडात शिलाईची माया सोडतो तशी इथं करवतीची सोडायची, कारण पातं स्वतःच अर्धा सूत लाकूड खातं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांची सगळी भाषा सुतात चालते.) म्हणून पेन्सिलीच्या रेघेवरून नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूनं कापायचं. चारही पाय एकत्र बांधून एकदमच खूण करायची, जशा आपण दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून कापतो.

स्क्रू मारायच्या आधी बारीक भोक पाडलं नाही तर फळीचं टोक चिरतं. स्क्रूच्या आट्यांवर साबण घासला की तो लोण्यात गेल्यासारखा आत जातो. चौकट जुळवल्यावर फेविकॉल ओला असतानाच तिचे दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. शाळेतली भूमिती अशी कामाला येईल असं आमच्या बाईंनाही वाटलं नसेल!

बैठकीच्या फळ्या मी एकमेकींना चिकटवल्या नाहीत, मध्ये एकेक सुताची फट ठेवली. आषाढ-श्रावणात दारं कशी फुगून अडकतात? लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्याला फुगायला जागा ठेवायची.

चार पायांच्या वस्तूचा एक पाय डुगडुगणं हे ठरलेलंच. अंदाजानं एकेक पाय कापत बसलं तर स्टुलाचा पाट होतो. त्यापेक्षा सपाट फरशीवर ठेवून आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारायचे, डुगडुग थांबेपर्यंत. मग एका पातळ फळकुटावर पेन्सिल आडवी धरून ते फरशीवरून सरकवत चारही पायांना भोवतीनं रेघ ओढायची. त्या रेघेवर कापलं की स्टूल चारी पायांवर उभं राहतं. ही दोन-तीन सूत घट आधीच हिशोबात धरावी. बुडाला मी जुन्या स्लिपरच्या तळव्याचे चौकोन चिकटवले, आता ते फरशीवर घसरत नाही.

पॉलिश पेपर आधी 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220. हात फिरवून बघायचं, साडीचा पदर अडकला नाही पाहिजे. मग जवसाचं तेल फडक्यानं अगदी पातळ लावायचं आणि जादा तेल पुसून घ्यायचं. शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते वाळत नाही आणि पुढं खवट वास येतो. जवसाचं वाळतं, मात्र त्याला दिवस लागतात. आणि हे फार महत्त्वाचं, त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. दोरीवर पसरून वाळवायची, मगच टाकायची.

ड्रिल चालवताना पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या-मंगळसूत्र काढून ठेवलेलं, डोळ्यांना चष्मा. पॉलिश पेपर घासताना नाकाला रुमाल. भुसा छातीत जाणं चांगलं नाही.

स्टूल झालं तरी सूप ठेवायचं कुठं, हा प्रश्न होताच. मग आत्यांच्या बसल्या कोपराच्या मापानं एक घडवंची केली, आणि माझ्यासाठी दुसरं स्टूल. आता आम्ही समोरासमोर बसतो, मध्ये घडवंची, तीवर सूप. स्टूल हलकं असल्यानं ज्या दारात वारा असेल तिथं जातं. पहिल्या दिवशी आत्या दांड्याला धरून दोन-तीनदा उगाचच उठल्या आणि बसल्या. काही बोलल्या नाहीत. तूर निवडायला घेतली आणि माझ्या निवडलेल्या डाळीतून चार खडे काढून दाखवले.

इटलीत एंझो मारी नावाचे फर्निचरचे नामवंत रचनाकार होते. त्यांनी 1974 साली साध्या फळ्या आणि खिळे एवढ्यावर कुणालाही करता येतील अशा टेबल-खुर्च्यांचे आराखडे लोकांसाठी खुले केले. त्यांचं म्हणणं असं, की स्वतः एकदा केलं की माणसाला वस्तू पारखता येते. हे मला पटतं. पूर्वी मी दुकानात फक्त रंग बघायची. आता स्टूल उलटं करून सांधे बघते. दुकानदाराला ते आवडत नाही!

आषाढीला तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत बोरगावकडं निघते, तेव्हा आमच्या भागात वारकऱ्यांची रीघ लागते. त्यांना दारात टेकायला चार फुटी बाकडं करायचं होतं. एवढ्या लांबीला नुसता स्क्रू पुरत नाही, बसणाऱ्यांनी पुढं-मागं हलून तो ढिला होतो. ओळखीच्या एका म्हाताऱ्या सुतारांनी, ज्यांनी आता काम सोडलंय, मला कुसू काढायला शिकवलं. आडव्या दांडीचं टोक तासून जीभ करायची, ते कुसू. पायात पटाशीनं तेवढीच चौकोनी खाच पाडायची आणि ठोकून बसवायचं. "हातानं सहज गेलं तर सैल, घणानं गेलं तर चिरंल. हातोडीच्या चार टोल्यांत बसलं पायजे," असं ते म्हणाले. पूर्ण दुपार गेली. बाकडं यंदाच्या वारीत तिघं-तिघं बसूनही करकरलं नाही.

आत्यांचं स्टूल बघून परवा शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या आईला देवघरापुढं बसायला हवंय. टेप नव्हती म्हणून त्यांनी आईच्या गुडघ्यापर्यंत सुतळी लावून गाठ मारून आणली होती. मोजली, साडेतेरा इंच भरली.