तज्ज्ञाचा अभिप्राय आणि आरोपीचे मौन

फौजदारी न्यायाच्या परिभाषेत ‘साक्षी’ व ‘तज्ज्ञ’ या दोन भिन्न संज्ञा आहेत, आणि त्यांतील भेद व्युत्पत्तीतच सूचित झालेला आहे. ‘साक्षी’ हा शब्द ‘साक्षात्’पासून सिद्ध होतो, ज्याने घटना प्रत्यक्ष पाहिली तो साक्षी. ‘तज्ज्ञ’ म्हणजे ‘तत्’ जाणणारा. त्याचे ज्ञान ‘ते’ या एका विषयापुरते मर्यादित असते. साक्षीदार घडलेली गोष्ट सांगतो. तज्ज्ञ वस्तूचे परीक्षण करून मत देतो. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या 45 व्या कलमाने अशा मताला स्थान दिले, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 39 व्या कलमात तीच तरतूद काहीशी विस्तृत होऊन आली आहे. निर्णय मात्र न्यायाधीशाचाच असतो. हा भेद पुसला गेला म्हणजे काय घडते, हे पुण्यातील एका खटल्यावरून दिसून येते.

जून 2008 मध्ये पुणे येथील सत्र न्यायालयाने विषप्रयोगाने केलेल्या खुनाच्या आरोपावरून दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. इतर पुराव्याबरोबरच न्यायालयाने ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ या चाचणीचा निष्कर्षही ग्राह्य मानला होता. चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत आरोपीच्या मस्तकावर विद्युदग्रे बसवितात व त्यास डोळे मिटून निःशब्द बसावयास सांगतात. नंतर एकेक विधान ऐकविले जाते आणि मेंदूतील विद्युत्-स्पंदनांची नोंद संगणक करतो. एखादी गोष्ट केवळ ठाऊक असणे आणि ती स्वतः अनुभवलेली असणे यांतील फरक या नोंदीवरून ओळखता येतो, असा या पद्धतीचा दावा आहे.

भाषेच्या अभ्यासकाने येथे त्या विधानांच्या रचनेकडे लक्ष द्यावयास हवे. ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशा धर्तीची ती विधाने प्रथमपुरुषी होती. प्रथमपुरुषी सर्वनामाचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. ‘मी’ म्हणजे जो बोलत आहे तो. येथे वाक्य रचले तपासयंत्रणेने, ‘मी’ मात्र आरोपीचा. आणि ज्याचा ‘मी’ तो तर मौन धरून बसलेला. ऐकीव गोष्ट सांगताना मराठी माणूस ‘म्हणे’ हा शब्द जोडतो व तिच्या सत्यतेची जबाबदारी आपल्यावर घेत नाही. या विधानांत ‘म्हणे’ला जागाच नव्हती. तपासयंत्रणेचा तर्क यंत्रातून फिरून आरोपीच्या कबुलीचे रूप घेऊन न्यायालयापुढे आला. तज्ज्ञाने तेथे वस्तूविषयी मत दिले नाही. तो मौन बाळगणाऱ्या व्यक्तीच्या वतीने बोलला.

त्याच वर्षी, 2008 मध्ये, बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीस उतरत नसल्याचा अभिप्राय दिला. मुंबई उच्च न्यायालयाने पुढे दोन्ही आरोपींना जामीन दिला. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात मूळ प्रश्नास हात घातला. 1961 च्या ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या निर्णयानुसार बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे; कारण त्यांतून आरोपीचे वैयक्तिक ज्ञान प्रकट होत नाही. मेंदूच्या चाचणीतून मात्र तेच ज्ञान बाहेर काढावयाचे असते. यास्तव ती सक्तीने करणे हा संविधानाच्या अनुच्छेद 20(3) चा भंग ठरतो. आणि प्रतिसादावर व्यक्तीचा जाणीवपूर्वक ताबा नसल्यामुळे, संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा होऊ शकत नाही. मौन बाळगणे हेही आरोपीचे भाषिक कृत्य आहे, हे तत्त्व या निर्णयात अभिप्रेत आहे.

हाच विवेक आज संगणकीय पुराव्याच्या बाबतीत आवश्यक झाला आहे. जालना मतदारसंघाच्या निवडणूक-विवादातून उद्भवलेल्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर’ प्रकरणी 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. नव्या अधिनियमाच्या 63 व्या कलमान्वये या प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो, आणि त्यात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. हे मूल्य संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेले असते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ते बदलते. त्यावरून प्रत मूळ नोंदीशी जुळते एवढेच सिद्ध होते. तो मजकूर कोणी लिहिला, तो त्या उपकरणात कसा आला व तो खरा आहे काय, हे प्रश्न शिल्लकच राहतात.

तात्पर्य, यंत्र नोंद करते, तज्ज्ञ त्या नोंदीचा अर्थ लावतो; परंतु यांपैकी कोणीही घटनेचा साक्षी नसतो. ‘तज्ज्ञ’ या शब्दातील ‘तत्’ची मर्यादा प्रथम तज्ज्ञाने स्वतः ओळखली पाहिजे, आणि त्याने ती ओलांडली असता न्यायालयाने त्यास तेथेच थांबविले पाहिजे. अन्यथा जे वाक्य आरोपी कधी बोललाच नाही, त्याच वाक्याबद्दल त्यास शिक्षा होण्याचा संभव उरतो.