तक्रार कोणाची, दोष कोणाचा?

मोटारीच्या फलकावर पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्यें 'ऑक्सिजन सेन्सर'चा दोषांक निघतो आणि सेन्सर बदलला जातो. पंधरा दिवसांनीं तोच दिवा पुन्हां लागला, म्हणजे मालक चकित होतो. वास्तविक यांत नवल नाहीं. पुष्कळदां शिक्षा झालेली असते ती साक्षीदाराला. अपराधी मोकळाच राहतो.

हा सेन्सर १९७६ सालीं बॉश कंपनीनें व्होल्व्हो मोटारीसाठीं प्रथम बाजारांत आणला. इंजिनांतून धूर नेणाऱ्या नळींत तो बसविलेला असतो. त्याच्या साध्या प्रकारांत झिर्कोनियाच्या टोपणाला दोन्ही अंगांनीं प्लॅटिनमचा लेप असतो. एका अंगास धूर, दुसऱ्यास बाहेरची हवा. दोहोंतील ऑक्सिजनच्या फरकाप्रमाणें विद्युद्दाब उत्पन्न होतो. पेट्रोल जास्त झालें तर सुमारें ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर सुमारें ०.१ व्होल्ट. एक भाग पेट्रोलास वजनानें १४.७ भाग हवा हें प्रमाण राखण्यासाठीं मोटारीचा संगणक या खुणेवरून पेट्रोल कमीअधिक करतो.

म्हणून दोषांक नीट वाचावा. पी ०१३५ हा अंक सेन्सर तापविणाऱ्या विद्युन्मंडलाचा आहे. सुमारें ३०० अंश सेल्सिअस तापल्यावांचून सेन्सर नीट काम देत नाहीं. येथें आधीं फ्यूज, तारा व जोड तपासावे. पी ०१७१ याचा अर्थ मात्र मिश्रणांत हवा जास्त, एवढाच. सेन्सर कदाचित् खरेंच सांगत असेल!

मग हवा येते कोठून? संगणक पेट्रोलमध्यें शेंकडा किती वाढ करीत आहे, तो आंकडा तपासणीयंत्रावर दिसतो. इंजिन संथ चालत असतां तो मोठा असून, मिनिटाला २५०० फेरे होतांच उतरला, तर हवा ओढून घेणाऱ्या एखाद्या रबरी नळीला भेग असण्याचा संभव अधिक. उलट, भार पडल्यावर तो चढूं लागला, तर पेट्रोलचा पंप वा फिल्टर पाहावा. सेन्सरच्या आधीं धुराच्या नळीला भेग असल्यास बाहेरची हवा आंत ओढली जाऊन खोटी साक्ष मिळते. ठिणगी चुकली तरी तसेंच घडतें. न जळलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर "हवा जास्त" असें सांगतो, आणि संगणक आधींच वाया जाणाऱ्या पेट्रोलांत भर घालतो.

येथेंच खरें नुकसान आहे. तें न जळलेलें पेट्रोल पुढें कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें पेटून त्याची जाळी वितळवूं शकतें. हा भाग सेन्सरच्या कितीतरी पट महाग. शिवाय विषारी वायु शमविण्याचें त्याचें काम थांबलें, म्हणजे तो धूर आपल्याच मुलांच्या श्वासांत जातो.

सेन्सर कधीं बिघडतच नाहीं, असें नव्हे. तेल जळणें, चुकीचें सिलिकोन लुकण किंवा नुसतें वय यांनींही तो निकामी होतो. परंतु नवा घेण्यापूर्वीं कारागिराला एवढेंच विचारावें: "सेन्सर खोटें बोलतो, हें आपण कशावरून ठरविलेंत?" उत्तर समाधानकारक मिळालें, तरच पैशाच्या पाकिटाला हात घालावा.