लहान मुलाचं नाक चोंदलं तर काय करायचं, काय नाही



आज जाळ्याबद्दल किंवा मासळीच्या दराबद्दल नाही, घरातल्या लहानग्यांबद्दल लिहितोय. थंडी सुरू झाली की तारिहाळमध्ये घरोघरी एक-दोन वर्षांची पोरं सर्दीने हैराण होतात. आपण पहाटे तळ्यावर जातो आणि रात्रभर पोर घेऊन जागते ती घरची बाई. म्हणून हे दोघांनीही वाचावं.

आधी नाक का चोंदतं ते समजून घेऊ. सर्दी विषाणूमुळे होते. नाकाच्या आतली त्वचा सुजते आणि शेंबूड घट्ट होतो. मोठा माणूस नाक शिंकरतो, पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ते जमत नाही. त्याची नाकपुडी मुळात बारीक, त्यात थोडी सूज आली तरी वाट बंद. दूध ओढताना श्वास घेता येत नाही, म्हणून पोर दोन घोट पिऊन तोंड काढतं आणि रडतं. त्याची भूक गेलेली नसते, नाक बंद असतं. म्हणजे आपलं काम एवढंच, की दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी नाक मोकळं करायचं.

त्यासाठी मेडिकलमधून मिठाच्या पाण्याचे, म्हणजे 'सलाइन'चे नाकाचे थेंब आणा. नुसतं 'नाकाचं औषध द्या' म्हणू नका. मोठ्यांचे नाक उघडणारे थेंब वेगळे असतात आणि ते लहान मुलाला धोक्याचे आहेत. बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नका.

सलाइन मिळालं नाही तर घरी करता येतं. पाणी उकळून गार करा. एक पेला, म्हणजे साधारण 250 मिली पाण्यात सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ विरघळवा. रोज ताजं करा, उरलेलं टाकून द्या. तळ्याचं किंवा न उकळलेलं पाणी नाकात कधीच नाही.

थेंब घालायची पद्धत:

1. हात साबणाने धुवा. पोराला मांडीवर उताणं घ्या, डोकं थोडं मागे.
2. प्रत्येक नाकपुडीत 2-3 थेंब. एक मिनिट थांबा, शेंबूड सैल होतो.
3. शेंबूड ओढायचा रबरी फुगा असेल तर आधी बाहेरच दाबा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी ठेवून हळूच सोडा. आत खोल घालू नका.
4. फुगा नसेल तर मऊ ओल्या फडक्याने बाहेर आलेलं पुसा. काडी किंवा कापसाची वात आत घालू नका.
5. फुगा दिवसात तीन-चार वेळाच. जास्त ओढलं तर नाक आतून आणखी सुजतं. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा.

सोबत अंगावरचं दूध, आणि मूल सहा महिन्यांच्या पुढचं असेल तर पाणीही, थोडं थोडं, पण वारंवार द्या. खोकला असेल आणि मूल एक वर्षाच्या पुढचं असेल तर अर्धा चमचा मध चालतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

आता आपल्या जुन्या सवयी. आजीचं प्रेम खरं, पण काही गोष्टी आता सोडायला हव्यात. नाकात तेल घालू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. कापूर लहान मुलाच्या नाकाला लावू नका, त्याने झटके येऊ शकतात. चोळायचा बाम दोन वर्षांच्या आत नाही. शेगडीवर ओवा-लसूण टाकून धुरी देणं बंद करा, धुराने सुजलेलं नाक आणखी सुजतं. उकळत्या पाण्याचं भांडं पोराजवळ ठेवून वाफ देऊ नका, पोरं त्यानेच भाजतात.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे सर्दी-खोकल्याचं सिरप. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमुळे 20 हून जास्त लहान मुलं दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं, त्याने मूत्रपिंड बंद पडतं. ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा नकोत. शेजारच्या पोराला लागू पडलेली उरलेली बाटली आपल्या पोराला देऊ नका. सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते.

एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. जाळ्याचे थर्माकोलचे तुकडे, शिशाच्या गोळ्या, मणी अंगणात पडलेले असतात आणि पोरं ते नाकात घालतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती सर्दी नाही, आत काहीतरी अडकलंय. घरी काढायला जाऊ नका, दवाखान्यात न्या. घड्याळाचा बारीक सेल असेल तर एक तासही थांबू नका.

दवाखाना कधी? पोर शांत असताना पोटाची हालचाल बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त भरले तर लगेच डॉक्टरकडे. छाती आत ओढली जातेय, ओठ निळे पडलेत, पोर काहीच पीत नाही, सगळं ओकतंय, झटके आले किंवा उठवूनही उठत नाही, यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने थेट हुबळीला किम्समध्ये न्या. रात्र आहे, सकाळी बघू, असं म्हणू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा.

जाळं फाटलं तर विणता येतं, होडी फुटली तर दुरुस्त होते. पोराच्या श्वासाला मात्र उशीर चालत नाही. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. फोन नसलेल्या आजीला वाचून दाखवा.

आपला,
सचिव