ढिगाच्या पोटातील उष्णता : गोदामदारांनी घ्यावयाची खबरदारी

आमचा मूळ धंदा कापडाचा. परंतु जालन्यात राहून कापसापासून दूर कोण राहिला आहे? १९९८ साली आम्ही मेहुण्यांबरोबर भागीदारीत सरकी घेतली. पुढे भाव चढेल या आशेने पोत्यांची थप्पी थेट छतापर्यंत लावली. एकाच गोदामात सगळा माल मावला, भाडे वाचले, म्हणून आम्ही खूश होतो.

पहिल्याच पावसात पत्र्यातून पाणी गळले. पत्रा दुरुस्त केला, वरची भिजलेली पोती काढली आणि विषय संपला असे समजलो. तीन आठवड्यांनी गोदामात आंबूस वास येऊ लागला. एका वयस्क हमालाने दोन पोत्यांच्या फटीत हात घातला आणि लगेच मागे घेतला. म्हणाला, "सेठ, वरून थंड आहे, पण आत तवा तापलाय."

आग लागली नाही, हे नशीब. पण मधली पोती काळी पडली होती. अशा सरकीचे तेल खराब निघते, म्हणून गिऱ्हाइकाने निम्माच भाव दिला. विम्यासाठी गेलो तर पॉलिसीतील कलम दाखवण्यात आले : माल स्वतःच्या आंबण्याने किंवा स्वतःच्या उष्णतेने खराब झाल्यास भरपाई नाही. ही ओळ आम्ही तोपर्यंत वाचलीच नव्हती.

बाहेरून विस्तव नसताना

आग म्हटली की आपण विडी, ठिणगी, वायर यांचा विचार करतो. परंतु काही मालात उष्णता आतूनच निर्माण होते. सरकी हे बी आहे, म्हणजे जिवंत वस्तू. ती श्वास घेते आणि त्यातून थोडी उष्णता निघते. ओल लागली की हा श्वास वाढतो, बुरशी धरते आणि तीही उष्णता सोडते. सत्तरएक अंशांपर्यंत मजल गेली की बुरशी व जंतू मरतात, परंतु तोवर तेलाचा हवेशी संयोग जोर धरतो आणि उष्णता वाढतच राहते. ओला कडबा रचला तर गंजी आतून तापते, हे आपल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे.

आपल्या एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत इंडक्शन भट्टीत भंगार वितळवतात. तेथेही खालून जाळ नसतो, विजेमुळे उष्णता खुद्द लोखंडातच निर्माण होते. फरक एवढाच की लोखंडातून उष्णता लवकर वाहते. सैल कापसाच्या मानाने ती हजारएक पट सहज वाहते. कापूस आणि सरकी उष्णता धरून ठेवतात. ज्या गुणामुळे रजई ऊब देते, तोच गुण गोदामात घात करतो.

उंची दुप्पट, फरक चौपट

उष्णता घन पदार्थातून कशी वाहते, याचे गणित फ्रान्सच्या फूरिए या शास्त्रज्ञाने १८२२ साली पुस्तकरूपाने मांडले. त्यातून निघणारा एक हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा. ढिगाची जाडी दुप्पट केली तर पोटातील आणि पृष्ठभागावरील तापमानाचा फरक दुप्पट नव्हे, चौपट होतो. समजा चार फुटी थप्पीच्या मध्यभागी बाहेरपेक्षा ५ अंश जास्त आहेत. तोच माल, तीच ओल, पण थप्पी सर्व बाजूंनी आठ फुटी केली तर फरक २० अंश, बारा फुटी केली तर ४५ अंश.

कारण सरळ आहे. ढीग वाढला की आत निर्माण होणारी उष्णता वाढते आणि तिला बाहेर पडायची वाटही लांबते. त्यात माल तापला की उष्णता निर्माण होण्याचा वेगही वाढतो. एका मर्यादेपलीकडे बाहेर जाणारी उष्णता मागे पडते आणि मग माल आपोआप पेटतो. लहान ढिगात निर्धोक असलेला मालच मोठ्या ढिगात पेटतो, तो यामुळे. आम्ही भाडे वाचवले म्हणून खूश होतो, नुकसानीचे मूळ नेमके तेच होते.

कारागिरांसाठी

फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हवेत सुकताना हे तेल उष्णता सोडते. चिंधी पसरलेली असेल तर ती निघून जाते, बोळ्यात अडकते आणि काही तासांत धूर निघतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. शिलाई मशीन, इस्त्री चालवणाऱ्यांनी एक्स्टेन्शनची वायर गुंडाळीसकट वापरू नये. विजेने वायर आतून तापते आणि गुंडाळीच्या मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

काय करावे

ओला माल वाळवल्याशिवाय थप्पीत घालू नये. थप्पी बुटकी ठेवावी, दोन थप्प्यांत माणूस जाईल इतकी वाट सोडावी, खाली फळ्या टाकाव्यात. आठवड्यातून एकदा लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसावी, पंधरा मिनिटांनी काढून टोकाला हात लावून पाहावा. सळई गरम लागली तर थप्पी मोडून माल पसरावा. मात्र धूर निघत असेल तर घाईने मोडू नये. हवा मिळताच भडका उडतो. आधी अग्निशमन दलाला बोलवावे आणि बंद गोदामात एकट्याने शिरू नये.

विम्याबाबत आता थोडी सोय झाली आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत, एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, मालाच्या स्वतःच्या उष्णतेने लागलेली आगही धरलेली आहे. पण शब्द आगीचे आहेत. आग न लागता माल नुसता काळा पडला तर काय, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्यावे.

आम्ही आता दोन गोदामांचे भाडे भरतो आणि थप्पी हात पोहोचेल एवढीच ठेवतो. भाडे दरमहा दिसते, पोटातली उष्णता दिसत नाही. व्यापाऱ्याने हिशेब दोन्हींचा ठेवावा.