एक यादी, दोन टॅब

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षेत ६० विद्यार्थ्यांना मिळालेले गुण मी संगणकावर भरत होतो. एकच पान ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये उघडलेले आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पहिल्या टॅबमध्ये यादीच्या पूर्वार्धातील ३० जणांचे गुण भरले. चहा घेऊन परतलो आणि उत्तरार्ध भरला तो दुसऱ्या टॅबमध्ये! यादी फलकावर लागल्यावर एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, माझा प्रयोग तर पूर्ण झाला होता. माझ्या नावापुढे काहीच कसे नाही?" तिच्यासह ३० जणांचे रकाने कोरे होते. कागदावरची नोंद शाबूत होती म्हणून निभावले.

हे गुण गेले कुठे? संगणक बिघडला नव्हता आणि दोन्ही टॅब आपापले काम चोख करीत होते. मग चूक कोणाची?

प्रत्येकाची वही वेगळी

प्रत्येक टॅब म्हणजे आपल्या वहीत मान खाली घालून लिहिणारा एकेक विद्यार्थी समजा. शेजाऱ्याच्या वहीत काय आहे, हे त्याला दिसत नाही. मात्र एकाच संकेतस्थळाच्या सर्व टॅबना मिळून ब्राउझर एक सामाईक कपाट देतो. त्यातील एका कप्प्याचे नाव 'लोकल स्टोरेज'. त्यात ठेवलेली माहिती टॅब बंद केला तरी टिकते.

माझ्या दोन्ही टॅबनी सुरुवातीलाच या कपाटातील कोरी यादी आपापल्या वहीत उतरवून घेतली होती. पहिल्याने ३० जणांचे गुण लिहून संपूर्ण यादी कपाटात ठेवली. दुसऱ्याच्या वहीत पूर्वार्ध अजून कोराच होता. त्यानेही आपली संपूर्ण यादी कपाटात ठेवली आणि त्या कोऱ्या रकान्यांनी आधीचे गुण पुसून टाकले.

दवंडी

यावर पहिला उपाय सुचतो तो दवंडीचा. एका टॅबने लोकल स्टोरेजमध्ये बदल केला की ब्राउझर त्याच संकेतस्थळाच्या इतर टॅबना तशी सूचना देतो. गंमत अशी, की बदल करणाऱ्या टॅबला ही सूचना मिळत नाही. त्याला ती बातमी ठाऊकच असते! याशिवाय 'ब्रॉडकास्ट चॅनल' नावाची सोय आहे. तिच्यातून एक टॅब इतरांना हवा तो निरोप पाठवू शकतो.

परंतु दवंडी पिटली तेव्हा जो गावातच नव्हता, त्याला ती कशी ऐकू येणार? नंतर उघडलेल्या टॅबला जुने निरोप मिळत नाहीत. म्हणून उघडताक्षणी त्याने कपाटातील ताजी नोंद वाचली पाहिजे. बराच वेळ मागे पडलेला टॅब ब्राउझर कधीकधी थिजवून ठेवतो. असा टॅब पुन्हा पुढे आला की त्यानेही तेच केलेले बरे.

करून पाहा

दवंडीने सर्व प्रश्न सुटतो का? वर्गात एक प्रयोग करा. फळ्यावर ५ हा आकडा लिहा. दोन विद्यार्थ्यांनी तो एकाच वेळी पाहावा, फळ्याकडे पाठ करून मनात दहापर्यंत मोजावे, आकड्यात १ मिळवावा आणि जुना आकडा पुसून उत्तर लिहावे. दोघांनी एकेक मिळवला, तेव्हा फळ्यावर ७ हवेत. प्रत्यक्षात दिसतील ६!

दोघांचीही बेरीज बरोबर होती. चुकले ते एवढेच, की वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या काळात दुसऱ्याचा हात फळ्याला लागला. दवंडी कितीही जलद पोहोचली, तरी ही मधली फट पूर्णपणे बुजत नाही.

आगगाडीचे टोकन

ही फट बुजवण्याची युक्ती रेल्वेने फार पूर्वीच शोधली होती. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर काढता येई. ते हाती आल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नसे. टोकन एक, म्हणून गाडीही एक.

ब्राउझरमध्येही असे टोकन मिळते. त्याला 'वेब लॉक' म्हणतात. ज्याच्याकडे ते असेल त्याने लिहावे, बाकीच्यांनी रांगेत थांबावे. टोकन असलेला टॅब मध्येच बंद झाला, तर ब्राउझर ते आपोआप सोडवून पुढच्याला देतो. पण एक पथ्य पाळावे लागते. टोकन मिळाल्यानंतर कपाटातील नोंद नव्याने वाचायची, आपल्या वाट्याचा रकानाच बदलायचा आणि मग टोकन परत करायचे. टोकन घेऊनही जुनीच वही उतरवून काढली, तर माझ्यासारखी फजिती ठरलेली!

आधी कोण, नंतर कोण?

दोन टॅब दोन वेगळ्या संगणकांवर असले तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण दोन घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. १९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर एक सुंदर मार्ग दाखवला. त्याची प्रेरणा त्यांना आइन्स्टाइनच्या विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तातून मिळाली होती. घड्याळाऐवजी प्रत्येकाने एक मोजणी ठेवावी. प्रत्येक घटनेला ती १ ने वाढवावी आणि निरोपासोबत धाडावी. माझी मोजणी ४ असताना ९ आकड्याचा निरोप आला, तर माझी मोजणी १० होईल. अशा रीतीने कारणाचा आकडा परिणामाच्या आकड्यापेक्षा नेहमी लहान राहतो. लॅम्पोर्ट यांना २०१३ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

आता तो फळ्यावरचा प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी खडू एकच ठेवा. ज्याच्या हाती खडू, त्यानेच फळा पाहायचा आणि लिहायचे. उत्तर ७ येते की नाही ते पाहा. आणि एक कोडे तुमच्यासाठी: खडू हाती घेतलेला विद्यार्थी लिहायचे सोडून खिडकीबाहेर पाहत बसला, तर बाकीच्यांनी काय करावे?