मैत्रीण नात्यातली कोण लागते? परदेशातल्या आजारपणाविषयी थोडं

आज आपण आजारपणाबद्दल बोलणार आहोत, पण औषधांबद्दल नाही. आजारी माणसाच्या शेजारी कोण बसतं, त्याबद्दल.

तिकडे हा प्रश्न फारसा पडत नाही. कुणी दवाखान्यात दाखल झालं की बहीण डबा घेऊन येते, मेहुणा रात्री थांबतो, काकू मुलांना आपल्या घरी घेऊन जाते. कुणी कुणाला विचारत नाही, कामं आपोआप वाटली जातात. इथे मात्र न्यू जर्सीत दुपारी तीन वाजता डॉक्टरांनी वाईट बातमी सांगितली, तर पुण्यात मध्यरात्र उलटलेली असते. आईला उठवून सांगायचं की सकाळपर्यंत थांबायचं, इथपासून सुरुवात. भावाकडे व्हिसा नसतो. सासूबाईंचे गुडघे सतरा-अठरा तासांचा प्रवास झेपू देत नाहीत. अशा वेळी दार वाजवून डबा घेऊन उभी असते ती मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली मैत्रीण. रक्ताचं नातं नाही, आडनाव वेगळं, कदाचित जिल्हाही वेगळा. पण त्या घटकेला तीच बहीण असते.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. अमेरिकेत आलेल्या सुरुवातीच्या मराठी माणसांपैकी एक म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांची हकीकत आपण 'पहिल्या डॉक्टर' म्हणून ऐकतो, पण ती एका मैत्रीचीही हकीकत आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी गोपाळराव जोशींचं एक पत्र मिशनऱ्यांच्या मासिकात वाचलं आणि १८८० मध्ये या अनोळखी कुटुंबाला पत्र लिहिलं. त्यानंतर तीन वर्षं नुसता पत्रव्यवहार. आनंदीबाई कलकत्त्यात असताना सारख्या आजारी असायच्या, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली होती. ४ जून १८८३ ला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना उतरून घ्यायला याच बाई आल्या होत्या. पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजात दाखल होईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या. थंडी, न मानवणारं अन्न, अभ्यासाचा ताण आणि क्षय, एवढं सगळं सोसून ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवल्या गेल्या. माणूस आपल्या कुटुंबातलं आहे हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

तर मंडळी, भावना पक्की आहे. अडचण येते ती कागदावर. इथल्या व्यवस्थेला 'मैत्रीण' हे नातं कितपत कळतं, ते आधी समजून घेऊ.

पहिली गोष्ट, भेटायला जाणं. पूर्वी अनेक ठिकाणी 'फक्त कुटुंबीय' अशी पाटी असायची. जानेवारी २०११ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार, मेडिकेअर किंवा मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, आपल्याला कोणी भेटावं हे रुग्ण स्वतः ठरवू शकतो. त्यात मित्र-मैत्रीण येतात. अतिदक्षता विभागात किंवा संसर्गाच्या भीतीने रुग्णालय मर्यादा घालू शकतं, पण 'तुम्ही नात्यातले नाही' एवढं कारण पुरत नाही.

दुसरी, माहिती. हिपा नावाचा कायदा आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि त्याचा अर्थ 'कुणालाही काही सांगायचं नाही' असा धरून चालतो. तसं नाही. रुग्णाने हो म्हटलं, किंवा समोर विचारल्यावर हरकत घेतली नाही, तर त्याची काळजी घेणाऱ्या मित्राशी डॉक्टर आवश्यक तेवढं बोलू शकतात. म्हणून मैत्रिणीला सोबत नेलंत तर सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, "ही माझी मैत्रीण, हिच्यासमोर सगळं बोललेलं चालेल." लेखी संमतीचा फॉर्म भरून ठेवलात तर फोनवरही अडत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे निर्णय. रुग्ण शुद्धीवर नसेल तर कोण बोलणार? लग्न झालेलं असेल तर सहसा नवरा किंवा बायको. पण एकटा राहणारा मुलगा, घटस्फोट झालेली बाई, विधुर आजोबा, त्यांचं काय? बऱ्याच राज्यांत कायद्याने क्रम लावून दिलेला असतो: जोडीदार, सज्ञान मुलं, आई-वडील, भावंडं. जवळच्या मित्राचा नंबर काही राज्यांत अगदी शेवटी लागतो, काही ठिकाणी लागतच नाही. म्हणजे रोज रात्री सोबत जेवणारा रूममेट बाहेर बाकावर बसलेला असतो, आणि ज्यांना इथली व्यवस्था ठाऊक नाही अशा नाशिकच्या आई-वडिलांना रात्री दोन वाजता उठवून व्हेंटिलेटरबद्दल विचारलं जातं.

यावर उपाय आहे, आणि तो महाग नाही. एक कागद असतो. कुठे त्याला हेल्थ केअर प्रॉक्सी म्हणतात, कुठे मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नी. 'मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीने ही व्यक्ती निर्णय घेईल,' एवढंच त्यात लिहायचं. ती व्यक्ती नात्यातली असायलाच हवी असं नाही. फॉर्म राज्याच्या आरोग्य खात्याकडे किंवा रुग्णालयात मिळतो. साक्षीदार किती, नोटरी लागतो की नाही, हे राज्यागणिक बदलतं, ते फॉर्मवर वाचा. वकील लागतोच असं नाही. एक प्रत डॉक्टरांकडे, एक त्या व्यक्तीकडे आणि एक फोनमध्ये ठेवा. आणि हो, आपली मुलं अठराची झाली की कायद्याने सज्ञान होतात. कॉलेजला निघालेल्या लेकीची वैद्यकीय माहिती आई म्हणून तुम्हाला आपोआप मिळत नाही. वसतिगृहाच्या चादरी घेताना हा कागदही करून घ्या.

चौथी, रजा. केंद्राचा १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तीही पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत आणि ठरावीक नोकरी झालेली असेल तर. स्वतःच्या आजारपणाखेरीज ती मिळते ती जोडीदार, मूल आणि आई-वडील यांच्यासाठी. भाऊ-बहीण त्यात नाहीत, सासू-सासरे नाहीत, मैत्रीण तर नाहीच. काही राज्यं पुढे गेली आहेत. न्यू जर्सीने २०१९ मध्ये 'कुटुंबासारखं जवळचं नातं' असलेल्या माणसालाही व्याख्येत घेतलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून वर्षाला एक व्यक्ती आपण स्वतः ठरवून सांगू शकतो, मग ती नात्यातली नसली तरी चालते. आपल्या राज्याचा नियम काय आहे ते एचआरला विचारून ठेवा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता रोजच्या मदतीकडे वळू. सगळ्यात निरुपयोगी वाक्य कोणतं, माहितेय? "काही लागलं तर सांग हं." मनापासून म्हटलेलं असतं, पण आजारी माणसाने आपली गरज ओळखायची, माणूस निवडायचा आणि वर संकोच गिळून फोनही करायचा, असं तिहेरी काम आपण त्याच्यावर टाकतो. आपल्या लोकांना तर 'कशाला त्रास' म्हणायची सवयच. त्याऐवजी नेमकं बोला. "मंगळवारी मी तुमच्या मुलांना पोहायच्या क्लासहून आणते, सातला घरी सोडते." समोरच्याला फक्त 'बरं' म्हणायचं उरतं.

कामं कोणती? गाडी हे पहिलं. कोलोनोस्कोपीसारख्या भूल दिलेल्या तपासणीनंतर सोबत सज्ञान माणूस असल्याशिवाय बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत, नुसती टॅक्सी चालत नाही. केमोथेरपीला जाता-येता सोबत लागते. त्याशिवाय औषधं आणणं, कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवणं, बर्फ काढणं, विम्याच्या फोनवर तासभर ताटकळत बसणं. यातलं काहीच फोटो काढण्यासारखं नसतं, म्हणून ते कुणी आपणहून घेत नाही.

डब्याबद्दल मात्र सांगायला हवं. आपलं प्रेम जेवणातून वाहतं, आणि पहिल्या आठवड्यात फ्रीजमध्ये पाच घरची छोले-पनीर जमतात. तिसऱ्या महिन्यात कुणीच येत नाही. म्हणून एका माणसाने वेळापत्रक हातात घ्यावं, आठवड्याला दोन-तीनच डबे, पण शेवटपर्यंत. मऊ भात, साधं वरण, मेतकूट, भाकरीबरोबर दुधीची भाजी, असं रोजचं अन्न बरं. डबे परत मागू नका. आणि आधी विचारा. केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील तर मोड आलेली कच्ची मटकी आणि कच्च्या भाज्यांची कोशिंबीर धोक्याची ठरू शकते. घरी लावलेल्या दह्याबद्दलही उपचार करणाऱ्यांना विचारून घ्या. काढे, चूर्णं, हळदीच्या गोळ्या 'नैसर्गिक आहे' म्हणून परस्पर देऊ नका, चालू औषधांशी त्यांचा खटका उडू शकतो.

आई-वडील इथे आलेले असताना आजारी पडले, तर आपण दुभाषे होतो. त्यापेक्षा रुग्णालयाकडे दुभाषा मागा. सरकारी पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी तो विनामूल्य द्यायचा असतो, बहुतेकदा फोनवर मिळतो. मैत्रिणीच्या आईला कर्करोग झाल्याचं मराठीत सांगण्याचं काम तुमच्यावर येऊ नये. तुम्ही हात धरायला आहात.

बोलायचं काय, हाही प्रश्नच. सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये एक सोपी युक्ती मांडली होती. रुग्णाला मधोमध ठेवून भोवती वर्तुळं काढा: आधी जोडीदार आणि मुलं, मग जिवलग मित्र, मग ओळखीचे. नियम असा की आतल्या वर्तुळाकडे फक्त धीर जाईल. आपली भीती, आपलं रडणं, आपल्या आत्याला झालेल्या तशाच आजाराची गोष्ट, हे सगळं बाहेरच्या वर्तुळात न्यायचं. रुग्णाच्या बायकोजवळ "मला तर झोपच लागली नाही ऐकून" असं म्हणालात, तर तुम्हाला धीर द्यायचं काम तिच्यावर पडतं.

तसंच, बातमी ज्याची आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय ती मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. कुणाला नोकरीची धास्ती असते, कुणाचा व्हिसा त्या नोकरीवर असतो, कुणी तिकडे आईला अजून सांगितलेलं नसतं. कुणाला काय कळवायचं ते घरच्यांनी ठरवावं आणि एकाच माणसाने कळवावं.

या सगळ्याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या २,८३५ स्त्रियांची माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. निदानाआधी ज्या सगळ्यात एकाकी होत्या, त्यांच्यात मृत्यूचा धोका भरपूर माणसं असलेल्यांपेक्षा सुमारे ६६ टक्के जास्त दिसला. मैत्रीने गाठ विरघळते असा याचा अर्थ नाही. अभ्यासकांचा अंदाज साधा होता: एकट्या माणसाला काळजी घेणारं कुणी मिळत नाही. म्हणजे तपासणीला नेणारं, औषधाची आठवण करणारं, 'आज तुझा चेहरा बरा दिसत नाही' म्हणणारं कुणी नसतं.

आणि हे नातं आजारपणात उभं राहत नाही, ते आधीच असावं लागतं. रोजच्या साध्या गोष्टींतून ते होतं: शनिवारचा चहा, एकत्र आणलेली पटेलकडची भाजी, एकमेकांकडे ठेवलेली घराची किल्ली. मैत्रिणीच्या घरात डाळ कुठल्या डब्यात असते हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्या दिवशी तिला उठून सांगावं लागत नाही.

शेवटी मदत घेणाऱ्यांसाठी. कुणी विचारलं तर एकदा तरी हो म्हणा. उपकाराचं ओझं वाटतं, कळतं. पण उद्या तिच्यावर वेळ आली तर तिने तुम्हाला हाक मारावी असं वाटत असेल, तर आज तुम्ही तिला हाक मारायला हवी.

या आठवड्यात एवढंच करा, मंडळी. आपल्यासाठी बोलणारी व्यक्ती कोण, हे ठरवा. तिला फोन करून विचारा, "माझ्या वतीने बोलशील का?" आणि तो फॉर्म भरा. मग चहाला बोलवा. काळजी घ्या, एकमेकांचीही.